‘लेट द राइट वन इन’ची ब्लू-रे: कुठली घ्यायची, आणि ऑस्कर-एलीबद्दल मनातलं बरंच काही

आधीच सांगून ठेवते, रिव्ह्यू डिस्कचा आहे पण अर्ध्याहून जास्त पिक्चरबद्दलच होणारे, कारण पिक्चरमध्ये नेमकं काय जपायचंय हे कळल्याशिवाय कुठली डिस्क चांगली हे सांगता येत नाही. आणि स्पॉयलर आहेत, अगदी शेवटच्या सीनपर्यंतचे. ज्यांनी अजून बघितलाच नाहीये त्यांनी खाली सबटायटल्स आणि रीजनबद्दल लिहिलंय तेवढं वाचा, बाकीचं बघून झाल्यावर.

पिक्चर स्वीडिश, २००८ चा, मूळ नाव ‘लोत देन रेत्ते कोम्मा इन’. दिग्दर्शक टॉमस आल्फ्रेडसन. पटकथा मूळ कादंबरीच्याच लेखकाची, यॉन आयविदे लिंडक्विस्टची, कादंबरी २००४ ची. गोष्ट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. स्टॉकहोमच्या पश्चिमेला ब्लॅकेबर्ग नावाचं उपनगर आहे, तिथल्या एका बिल्डिंगमध्ये ऑस्कर नावाचा बारा वर्षांचा मुलगा आईबरोबर राहतो, आईवडील वेगळे झालेत, शाळेत तीन पोरं त्याला रोज छळतात, आणि एका रात्री शेजारच्या फ्लॅटमध्ये एक वयस्कर माणूस आणि एक मुलगी राहायला येतात. माणूस होकान, मुलगी एली. एली रक्तावर जगते. एवढीच गोष्ट, दोन तासांच्या आतली, आणि आजवर व्हॅम्पायरचे जेवढे पिक्चर बघितले त्यात दोन जीवांचं एकमेकांवर प्रेम बसणं इतकं सरळ, इतकं न सजवता दाखवलेला दुसरा नाही.

आम्ही स्टॉकहोमला राहतो त्यामुळे ब्लॅकेबर्ग ओळखीचं आहे. मेट्रोची ग्रीन लाइन पकडायची, १९५२ चं स्टेशन, वर काँक्रीटचं पातळ वळणदार छत, पीटर सेल्सिंग या आर्किटेक्टचं डिझाइन. बाहेर पडलं की छोटा चौक आणि मग आजूबाजूला त्या काळात ठरवून वसवलेल्या बिल्डिंगी, मधे मोकळी अंगणं, झाडं. लिंडक्विस्ट इथेच वाढला, जन्म १९६८ चा, म्हणजे गोष्टीतल्या काळात तो साधारण ऑस्करच्याच वयाचा. पण गंमत अशी की पिक्चरचं बरंचसं शूटिंग इथे झालंच नाही, ते झालं पार उत्तरेला लुलेओमध्ये, कारण त्यांना न वितळणारा बर्फ आणि खरी थंडी हवी होती. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो, लुलेओला तर दिवस जेमतेम तीनेक तासांचा. अशा ठिकाणी रात्रीच बाहेर पडणाऱ्या मुलीकडे कुणी वळून बघत नाही, आणि चार वाजता अंधारात एकटा अंगणात उभा असलेल्या मुलाकडेही नाही. इथला हिवाळा काढलाय म्हणून सांगते, हे सगळं अगदी खरं वाटतं.

ऑस्करबद्दल आधी. पिक्चर सुरू होतो तेव्हा तो खिडकीशी उभा आहे, अंगात फक्त चड्डी, हातात चाकू, आणि काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला दम देतोय, डुकरासारखा ओरड म्हणून. हे वाक्य त्याचं नाहीये, शाळेतल्या पोरांनी त्याला म्हटलेलं आहे, आणि तो ते घरी येऊन स्वतः म्हणून बघतोय. मार खाणारं मूल एकटं असताना मारणारा होऊन बघतं. मग अंगणात जाऊन झाडाला चाकू मारत तेच म्हणतो. खुनांच्या बातम्यांची कात्रणं वहीत चिकटवून ठेवलीयेत. म्हणजे गोड, बिचारा, निष्पाप मुलगा असं काही नाहीये, आणि तसा तो नाहीये हे पिक्चर पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकतो. माझा मुलगा साधारण त्याच वयाचा आहे, त्यामुळे शाळेतले सीन मला बघवत नाहीत. पोरं त्याला छडीने मारतात, गालावर वळ उठतो आणि आई विचारते तेव्हा तो सांगतो पडलो म्हणून. हे सांगताना तो आईकडे बघत नाही. कोरे हेदेब्रांट नावाच्या मुलानं हे काम केलंय, नाक सारखं वाहणारं, केस पांढुरके, चेहऱ्यावर अॅक्टिंग शोधून सापडत नाही.

आणि झाडाला चाकू मारून मागे वळतो तर जंगल जिमवर एली उभी, त्या थंडीत साध्या कपड्यात. पहिल्याच भेटीत ती सांगते, एक सांगून ठेवते, मी तुझी मैत्रीण नाही होऊ शकत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

एलीला वय विचारलं तर ती म्हणते बारा, साधारण. ऑस्कर स्वतःचं वय वर्षं महिने दिवस मोजून सांगतो, आणि हिला वाढदिवस कधी हे माहीत नाही. पुढे एकदा विचारतो तू म्हातारी आहेस का, तर म्हणते मी बाराचीच आहे, फक्त खूप वर्षांपासून बाराची आहे. आपल्याकडे मुंजा असतो ना, मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो पोरगा पिंपळावर तसाच राहिला, वयानं कधी मोठाच झाला नाही, एलीचं दुःख मला त्याच जातीचं वाटतं. दोनशे वर्षं जगली म्हणून ती शहाणी आज्जी झालेली नाहीये. ती बारा वर्षांचीच आहे, बारा वर्षांच्या मुलासारखीच एकटी आहे, रुबिक क्यूब हातात मिळाल्यावर सगळं विसरून त्यात बुडून जाते, आणि वर पोटाची भूक अशी की माणूस मारल्याशिवाय भागत नाही. लीना लिएंडरसननं काम केलंय पण आवाज तिचा नाही, आवाज एलिफ जेलान हिचा डब केलेला आहे, आल्फ्रेडसनला मुलीचाही वाटणार नाही आणि मुलाचाही वाटणार नाही असा जरा जाड आवाज हवा होता. मूळ स्वीडिश ट्रॅक ऐकाल तेव्हा तो आवाज नीट ऐका. म्हणूनच सांगते, डिस्कवर इंग्लिश डबिंग असेल तर लावू नका, त्यात हे सगळंच जातं.

मला ज्याबद्दल बोलायचंय तो भाग आता. पिक्चरमध्ये एली कोण आहे, मुलगी आहे, मुलगा आहे, माणूस आहे की आणखी काही, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि दरवेळी ऑस्करचं उत्तर जवळपास एकच असतं, बरं, मग? त्याला उत्सुकता नाही असं नाही. पण प्रेम करण्यासाठी आधी उत्तर मिळायला हवं असं त्याला वाटतच नाही. मोठ्या माणसांना वाटतं. त्याला नाही.

टॉफीचा सीन घ्या. ऑस्कर दुकानातून गोळ्या घेतो, एलीला देतो, ती नको म्हणते, त्याचा चेहरा पडतो. तो पडलेला चेहरा बघून ती एक घेते आणि खाते. पुढच्या शॉटमध्ये ती भिंतीशी वाकून ओकतीये. तिला माहीत होतं असंच होणार, तरी खाल्ली, फक्त त्याला वाईट वाटू नये म्हणून. आणि ऑस्कर काय करतो, काही न बोलता तिला मिठी मारतो. त्या मिठीतच ती विचारते, मी मुलगी नसते तरी तुला आवडले असते का. तो जरा थांबून म्हणतो, हो, बहुतेक. का विचारतेस? त्यात ना धक्का आहे ना मोठा क्षण असल्याचा आव. संगीत चढत नाही. कॅमेरा तिथेच आहे. मला पूर्ण पिक्चरमधला सगळ्यात धाडसी सीन हाच वाटतो, शेवटचा स्विमिंग पूल नाही.

मग रात्रीचा सीन, होकान मेल्यानंतर एली खिडकीतून येते, आत ये म्हण असं त्याला म्हणायला लावते, आणि कपडे काढून त्याच्या मागे पांघरुणात शिरते. यात अश्लील काही नाही, दोघांचे फक्त चेहरे दिसतात, एकामागे एक, दोघं भिंतीकडे बघत बोलतात. तो विचारतो माझी गर्लफ्रेंड होशील का, ती म्हणते ऑस्कर मी मुलगी नाहीये. तो म्हणतो अच्छा, पण होशील की नाही? ती म्हणते आहे तसंच राहू दे ना. मग थोड्या वेळानं विचारते, असं जोडी जमवल्यावर काही वेगळं करायचं असतं का. नाही. मग सगळं आहे तसंच? हो. मग चालेल. एवढं सगळं दोन मुलांच्या झोपाळू आवाजात. सकाळी ती गेलेली असते आणि चिठ्ठीत रोमिओ-ज्युलिएटमधली ओळ असते, गेले तर जगेन राहिले तर मरेन अशा अर्थाची.

पुस्तक वाचलेल्यांना माहीत असेल की एली म्हणजे मूळचा एलियास, एक मुलगा, दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका सरदारानं त्याला खच्ची केलं आणि व्हॅम्पायर बनवलं. पुस्तकात हे सविस्तर येतं. पिक्चरमध्ये फक्त एक शॉट, अंघोळीनंतर एली ऑस्करच्या आईचा ड्रेस घालत असताना तो दारातून डोकावतो आणि आपल्याला क्षणभर जखमेची जुनी खूण दिसते. ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांच्यातले अर्धे लोक तो शॉट बघून गोंधळतात. मला तो गोंधळ आवडतो, खरंच. कारण ऑस्करलाही तेवढंच दिसतं, आपल्यापेक्षा जास्त नाही, आणि नंतर तो तिच्याशी पहिल्यासारखाच वागतो. ‘तुझं खरं काय’ असं एकदाही विचारत नाही. मी इथे सगळीकडे ‘ती’ म्हणतीये ते ऑस्करच्या नजरेनं, कुणाला ‘तो’ म्हणायचं असेल तरी माझी हरकत नाही.

दाराचा सीन मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि राहायलाच हवा. व्हॅम्पायरला कुणी आत ये म्हटल्याशिवाय घरात जाता येत नाही हा जुना नियम, बहुतेक पिक्चरमध्ये तो नुसता संवादात येतो. इथे ऑस्कर, आधीच्या गोष्टीमुळे दुखावलेला, मुद्दाम ये म्हणत नाही. हातानं खुणावतो, काय होईल नाही म्हटलं तर, इथे काही आडवं आहे का. एली त्याच्याकडे बघते आणि आत येते. पाठ फिरवून उभी राहते, मग अंग थरथरायला लागतं, आणि डोक्यातून, डोळ्यांतून, कानांतून रक्त यायला लागतं. ऑस्कर ओरडतो, ये, ये, तू येऊ शकतेस, आणि तिला घट्ट धरतो. म्हणजे नियम मोडला तर काय होतं हे तिला माहीत होतं, तो थांबवेल का हे माहीत नव्हतं, आणि तरी ती आली. विश्वास ठेवणं म्हणजे काय असतं ते त्या मिनिटभरात आहे.

त्यानंतरच तो विचारतो तू कोण आहेस, आणि ती म्हणते तुझ्यासारखीच. तो म्हणतो मी माणसं मारत नाही. ती म्हणते, पण मारता आलं तर मारशील, बदला म्हणून, हो ना? तो हो म्हणतो, खोटं बोलत नाही. मी मारते कारण मला मारावं लागतं, एली म्हणते, आणि त्याचेच झाडासमोरचे शब्द त्याला ऐकवते, मी तुझे पहिले ऐकलेले शब्द हे. मग म्हणते, थोडा वेळ माझ्या जागी होऊन बघ. दोघांची ओळख इथे एकमेकांत मिसळते. त्याच्या आतली हिंसा तिनं पाहिलीये आणि तिची नाइलाजाची त्याला आता दिसली, आणि कुणीच कुणाला सुधारायला निघत नाही.

आता तो वाद. बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की एली ऑस्करला वापरतीये, होकान म्हातारा झाला, आता रक्त आणून द्यायला नवीन पोरगा हवाय, ऑस्कर चाळीस वर्षांनी होकान होणार. मला हे अजिबात पटत नाही आणि शांतपणे कारणं देते. पहिलं म्हणजे पुस्तकातला होकान एलीला लहानपणी भेटलेला नाही, तो मोठेपणी भेटला, शिक्षक होता, लहान मुलांबद्दल विकृत ओढ असलेला माणूस, आणि त्यांच्यात जे आहे तो व्यवहार आहे. पिक्चरनं हा भाग गाळला म्हणून लोकांना वाटायला लागलं की तोही कधीतरी ऑस्करसारखा लहान होता. २०१० चा अमेरिकन रिमेक आहे, ‘लेट मी इन’, मॅट रीव्ह्जचा, त्यात तर जुना फोटो दाखवून हेच पक्कं करून टाकलंय, आणि जखमेचा शॉट तिथे नाही. रिमेक वाईट बनवलाय असं नाही म्हणणार, मुलांची कामं चांगली आहेत, पण प्रेमाची गोष्ट त्यानं सापळ्याची करून टाकली. दुसरं, ज्याला वापरायचंय त्याला कुणी पहिल्याच भेटीत मी मैत्रीण होऊ शकत नाही असं सांगेल का? तिसरं, तळघरात ऑस्कर रक्ताची शपथ घ्यायची म्हणून स्वतःचा तळहात कापतो, एली खाली वाकून जमिनीवरचं रक्त चाटते, चेहरा बदलतो, आणि त्याच्यावर झडप घालायच्या ऐवजी त्याला जा म्हणून ओरडते आणि स्वतः पळून जाते. आणि चौथं ते वरचं दार. लिंडक्विस्टनं नंतर एक कथाही लिहिली, तिच्यातून दोघांचं पुढे काय झालं ते कळतं, आणि ते होकानच्या वाटेनं गेलेलं नाहीये. ज्यांना शेवट उघडाच ठेवायचाय त्यांनी ती नाही वाचली तरी चालेल.

पण एक गोष्ट मी स्वतः अजून पचवू शकलेले नाही, लाक्के. वस्तीतला दारुडा, गरीब, त्याचा मित्र एलीनं मारला, त्याची मैत्रीण विर्जिनिया चावा बसल्यामुळे गेली, तो शोधत शोधत एलीच्या फ्लॅटमध्ये पोचतो. एली बाथटबमध्ये झोपलेली. ऑस्कर ओरडतो, एली जागी होते, लाक्के मरतो. आणि ऑस्कर बाथरूमचं दार लावून घेतो. लाक्केचं काही चुकलेलं नाही, तो या गोष्टीतला सगळ्यात दुःखी माणूस आहे. पिक्चर हे लपवत नाही, दोन मुलांचं प्रेम टिकलं त्याची किंमत दुसऱ्याच कुणी भरली हे समोर ठेवतो, आणि नंतर एली रक्तानं माखलेल्या ओठांनी ऑस्करचा मुका घेते. बघताना मन दोन्हीकडे ओढलं जातं आणि मला वाटतं तेच बरोबर आहे, प्रेम आहे म्हणून सगळं माफ असं पिक्चर म्हणत नाही.

स्विमिंग पूलवर फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. एवढंच, छळणारी पोरं ऑस्करला पाण्याखाली दाबून धरतात आणि एली येते, तेव्हा कॅमेरा पाण्याखाली ऑस्करच्या चेहऱ्याबरोबर राहतो, वरचं सगळं बुडाल्यासारखं ऐकू येतं, पृष्ठभागावरून कुणाचे तरी पाय ओढत नेल्यासारखे सरकतात, मग इतर गोष्टी पाण्यात पडतात. सगळ्यात भयंकर हाणामारी आणि आपल्याला ती जवळपास दिसतच नाही. आणि मग ऑस्कर वर येतो आणि एलीचे डोळे बघून हसतो.

आता डिस्क. सबटायटल्सचं प्रकरण महत्त्वाचंय, नीट वाचा. अमेरिकेत २००९ मध्ये जी पहिली डिस्क निघाली तिच्यावर थिएटरमध्ये दाखवलेली सबटायटल्स नव्हती, नवीन बनवलेली होती, आणि ती इतकी सोपी आणि सपाट केलेली की संवादातली अर्धी नजाकत गेली. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली, मोठा आरडाओरडा झाला, मग नंतरच्या छपाईत मूळ सबटायटल्स परत आली आणि कव्हरच्या मागे भाषांच्या यादीत ‘इंग्लिश थिएट्रिकल’ असं छापायला लागले. या पिक्चरमध्ये मुलं बोलतात ती फार कमी आणि फार साधी वाक्यं आहेत, त्यातला एखादा संकोचाचा शब्द जरी गेला तरी मिठीतला तो सीन पार कोरडा होतो. माझी स्वीडिश आता रोजच्यापुरती बरी आहे पण आई-बाबांना पुण्याला पाठवायला म्हणून एक जुनी अमेरिकन डिस्क मागवली होती, विकणाऱ्यानं लिहिलं होतं थिएट्रिकल आहे, आली ती जुनी सपाटवाली. परत घेतो म्हणाला नाही. तेव्हा कुणाकडूनही घेताना कव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि ते शब्द स्वतः वाचा, नुसत्या वर्णनावर जाऊ नका.

दुसरं रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी बनवलीये ते. ब्लू-रेमध्ये भारत रीजन सी, युरोप-ब्रिटन रीजन बी, अमेरिका ए. सगळ्याच डिस्क लॉक केलेल्या असतात असं नाही, पण लॉक असेल तर भारतातल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही, रीजन-फ्री प्लेअर लागेल. डीव्हीडी घेणार असाल तर भारताचा रीजन ५, तिथेही तेच बघा. हे न बघता घेतलेली डिस्क नुसती शोकेसमध्ये राहते.

चित्र कसंय? फार सुंदर. कॅमेरा होयटे व्हान होयटेमाचा, हाच पुढे ‘इंटरस्टेलर’, ‘डंकर्क’ करणारा आणि ‘ओपनहायमर’साठी ऑस्कर पुरस्कार मिळवणारा. इथे बजेट कमी, पण उजेड बघा, कुठेही कडक सावली नाही, बर्फावरचा मऊ करडा उजेड, घरातल्या पिवळट भिंती, आणि चेहऱ्याच्या मागचं सगळं धूसर. कॅमेरा फारसा हलत नाही. ब्लू-रेवर रात्रीच्या बर्फाचे कण सुटे सुटे दिसतात, स्ट्रीमिंगवर तेच मी ठोकळ्या-ठोकळ्यांचं झालेलं बघितलंय. टीव्हीवरचं मोशन स्मूथिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, ब्राइटनेस वाढवू नका, काळं काळंच राहू द्या, खोलीतला दिवा घालवा.

आवाज तर त्याहून भारी. योहान सोदरक्विस्टचं संगीत आहे, वापरलंय जपून, पण खरी मजा बारीक आवाजांत. एलीचं पोट गुरगुरतं ते ऐकू येतं. श्वास ऐकू येतो. बर्फावर पाय. आणि भिंतीवर बोटांनी ठोकलेला मोर्स कोड, म्हणजे ठोक्यांची सांकेतिक भाषा, ऑस्करनं तिला कागदावर लिहून दिलेला, दोन फ्लॅटच्या मधल्या भिंतीतून दोघं बोलतात. चांगले स्पीकर नसतील तर हेडफोन लावून बघा. शेवटच्या सीनला ट्रेनमध्ये, भरदिवसा, ऑस्करच्या शेजारी मोठी पेटी आहे आणि आतून ठोकल्याचा आवाज येतो, तो उत्तर देतो, आणि जे ठोकतो ते म्हणजे छोटासा पापा. टीव्हीच्या साध्या स्पीकरवर पेटीतून येणारं ठोकणं पटकन ऐकूच येत नाही, आणि ते नाही ऐकलं तर सीन गेला.

जे नाही आवडलं ते. विर्जिनियावर मांजरी तुटून पडतात तो सीन फसलाय, कॉम्प्युटरची मांजरं आहेत हे तेव्हाही दिसत होतं, आणि ब्लू-रेच्या स्वच्छपणात जास्तच दिसतं. इतक्या संयमानं बनवलेल्या पिक्चरमध्ये तो तुकडा दुसऱ्याच पिक्चरमधून आल्यासारखा वाटतो. एक्स्ट्राजमध्ये गाळलेले सीन आहेत, शूटिंगचं थोडंफार आहे, बघण्यासारखं आहे पण त्यासाठी म्हणून डिस्क घेऊ नका.

पुस्तक घ्यायचं असेल तर इंग्लिश भाषांतर एबा सेगरबर्गचं, वाचायला सरळ आहे. पण ते पिक्चरपेक्षा कितीतरी जास्त अंधारं आहे, होकानचा भाग वाचवत नाही, काही पानं मी अक्षरशः पुस्तक मिटून मग परत उघडून वाचली. १९८१ च्या ऑक्टोबरात कार्ल्सक्रोनाजवळ सोव्हिएत पाणबुडी खडकावर अडकली होती ती बातमीही त्यात मागे चालू असते, सगळा देश परक्या पाणबुडीबद्दल बोलतोय आणि खरी भीती शेजारच्या फ्लॅटमध्ये आलीये. आधी पिक्चर बघा मग पुस्तक, उलटं केलं तर पिक्चरमधला तो क्षणभराचा शॉट तुमच्यासाठी प्रश्न राहत नाही, आणि तो प्रश्न म्हणून आधी भेटायला हवा.

मुलांना दाखवायचा का? स्वीडनमध्ये आणि ब्रिटनमध्ये पंधरा वर्षांच्या वरचं सर्टिफिकेट आहे, मला ते बरोबर वाटतं. रक्त आहे, उलटं टांगून गळा कापण्याचा सीन आहे, अॅसिडनं जळलेला चेहरा आहे. माझ्या मुलाला मी अजून दाखवलेला नाही, पण दाखवणार आहे, पंधराचा झाला की, शेजारी बसून. शाळेत कुणी त्रास देतंय का हे विचारलं की पोरं काही नाही म्हणतात, ऑस्करही आईला तेच म्हणाला. आणि वर्गात एखादं मूल असतं जे मुलासारखंही नाही मुलीसारखंही नाही, सगळे त्याला विचारत असतात तू नक्की कोण, त्यानं तो टॉफीनंतरचा सीन बघितलेला असावा असं मला फार वाटतं.

डिस्क नवीन मिळाली तर नवीनच घ्या, जुनी घेत असाल तर कव्हरची मागची बाजू बघूनच. माझ्याकडून पाचपैकी पाच, मांजरी धरून.